अण्णांचा रिचार्ज कुणी मारायचा?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात) :

मी सांगलीत नोकरी करते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, वय ७१, शिराळा तालुक्यातल्या गावी एकटेच राहतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. आई जाऊन चार वर्षं झाली. अण्णांकडं साधा बटणांचा फोन आहे. त्याचा रिचार्ज गेली तीन वर्षं मीच माझ्या मोबाइलवरून मारते, ८४ दिवसांचा, रोज २ जीबीवाला, जवळपास हजार रुपयांचा. गेल्या महिन्यात ऑडिटच्या गडबडीत तारीख हुकली. पॅक संपून पंधरा दिवस झाले, शेवटचे पाच दिवस तर फोनच लागेना. पाऊस होता, मला वाटलं रेंज गेली असेल. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला, तर अण्णा ओट्यावर निवांत बसलेले. “सांगितलं का नाही?” म्हटलं, तर म्हणाले, “माझं काय अडलंय? कशाला पैसं घालवताय त्या डबड्यावर?” त्यांना यातलं काही कळत नाही. पुण्याचा दादा भडकलाय. म्हणतो, प्रीपेडची कटकटच नको, माझ्या पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये घेतो, स्मार्टफोन देतो. अण्णा म्हणतात, बिलाचं लफडं नको. आता तुम्हीच सांगा, सगळ्यात स्वस्त आणि बिनकटकटीचा प्रीपेड कुणाचा? नंबर तोच ठेवून कंपनी बदलू का, म्हणजे पोर्ट करू का? की दादाचं ऐकू?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी “शेवटचे पाच दिवस” या शब्दांवर थांबले. म्हणजे आधीचे दहा दिवस फोन लागत होता. पॅक संपला की पहिल्यांदा आउटगोइंग जातं. इनकमिंग काही दिवस तग धरतं आणि मग तेही बंद होतं. त्या दहा दिवसांत तुम्ही नेहमीसारखं संध्याकाळी बोलला असाल, जेवलात का विचारलं असेल. अण्णा मात्र कुणालाच फोन करू शकत नव्हते, साधा मिस कॉलसुद्धा देता येत नव्हता. हे तुम्हा दोघा भावंडांच्याही लक्षात आलं नाही, कारण फोन नेहमी तुमच्याकडूनच जातो. टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत मीही हेच केलंय, आणि तेही एका गावात राहून.

तेव्हा कंपनीकडं नंतर वळू. आधी अण्णांच्या गप्प बसण्याकडं बघू.

“त्यांना यातलं काही कळत नाही” असं तुम्ही लिहिलंय. ज्या माणसानं उभी नोकरी उसाच्या गाड्यांची वजनं टिपण्यात घालवली, त्याला ८४ दिवस मोजता येत नसतील हे मला पटत नाही. त्यांना कळतंय, पण जुन्या हिशेबानं. २००५-०६ च्या सुमारास ‘लाइफटाइम’ प्रीपेड निघालं होतं, आठवतंय? एकदाच हजाराच्या आसपास भरायचे आणि इनकमिंग कायमचं. त्याआधी दुकानातून कार्ड आणून नाण्यानं खरवडायचं. लाइफटाइम आल्यावर खिशात दहा-वीस रुपयांचा बॅलन्स असला तरी फोन महिनोन्‌महिने जिवंत राहायचा. हे चित्र फिरलं २०१८ च्या अखेरीस. कंपन्यांनी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. ते ३५ वाढत वाढत जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर दोनशेच्या घरात जाऊन पोचले. अण्णांच्या पिढीला वाटतं, येणारा फोन घ्यायला पैसे कसले? त्यांचा तो राग खोटा नाही, फक्त आता त्याचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. लेकीच्या घरचं पाणीही जपून प्यावं, अशी रीत पाळलेली ही माणसं. तुम्ही प्रेमानं हजार रुपये भरता. पण ते संपल्यावर “बाळ, पैसे टाक” हे तोंडातून निघणं अण्णांच्या वयाच्या बापाला फार जड जातं. “माझं काय अडलंय” हे वाक्य आपल्याकडचे म्हातारे कधी म्हणतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता पैशांचं बघू. इथं तुमची चूक आहे आणि ती दुरुस्त करणं सगळ्यात सोपं आहे.

बटणांच्या फोनवर रोज २ जीबी नेट! ताई, अण्णा ते नेट वापरतच नाहीत. म्हणजे तीन वर्षं तुम्ही बंद खोलीचं भाडं भरताय. तुमच्यासारखे लाखो लोक हे करत होते, म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, नियम केला की प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि एसएमएसचा, नेट नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे. अशा पॅकची मुदत आधी ९० दिवसांपुरतीच असायची, ती मर्यादाही ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. २०२५ च्या सुरुवातीला हे पॅक आले तेव्हा ८४ दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे आणि वर्षाच्या आसपासच्या मुदतीला साडेसतराशे ते साडेअठराशे असा भाव होता. दर हलत असतात, भरण्याआधी बघा. पण तुमचा खर्च साधारण निम्म्यावर येईल, एवढं नक्की.

हे पॅक कंपनीच्या ॲपमध्ये समोर दिसत नाहीत. वर नेटचे आणि सिनेमांचे चकचकीत प्लॅन, आणि हे बापडे खाली कुठंतरी कोपऱ्यात. दुकानदारही आपण होऊन सांगेलच असं नाही. “नेट नको, फक्त बोलण्याचा द्या” असं स्पष्ट म्हणावं लागतं. ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एका ठिकाणी पाहायची सोय आहे, तिथं पाच मिनिटं घालवा.

मुदतीचा हिशेबही एकदा नीट समजून घ्या. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला तर वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. ८४ म्हणजे तीन वेळा २८, त्यामुळं चार रिचार्ज मारूनही वर्षाचे २९ दिवस उघडे राहतात. काही ‘वर्षाचे’ पॅक ३३६ दिवसांचेच असतात, तिथं वर्ष अकरा महिन्यांत आटोपतं. तुमची तारीख हुकली त्यात ऑडिटचा दोष आहेच, पण ही तारीख दर वेळी सरकते हाही दोष आहे. दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवावा, असा ट्रायचा २०२२ पासून नियम आहे. लक्षात ठेवायला तो सगळ्यात सरळ. पूर्ण ३६५ दिवसांचा घ्यायचा तर तारीख अशी निवडा की विसरायची म्हटलं तरी विसरता येणार नाही. तुमच्या शिराळ्याची नागपंचमी मनात आली असेल तर ती नको. अण्णांना तिथ्या पाठ असतील, कंपनी पंचांग बघत नाही. संक्रांत चालेल.

पण वर्षाचा पॅक लगेच मारू नका. का, ते पुढं सांगते.

दादाच्या पोस्टपेडबद्दल. दादा चुकीचं बोलतोय असं नाही. पोस्टपेडमध्ये तारीख हुकली म्हणून फोन त्याच दिवशी आंधळा-बहिरा होत नाही, बिल भरायला मुदत मिळते. ज्याला महिन्याला पगार आहे, ज्याचं बिल बँकेतून आपोआप जातं, त्याला ते सोयीचं. पण अण्णांचा नंबर दादाच्या बिलात गेला की तो दादाच्या बिलावर अवलंबून राहणार. बिल थकलं तर पुण्यातल्या फोनबरोबर गावचाही अडकणार, आणि थकबाकी असताना दुसऱ्या कंपनीतही जाता येत नाही. अण्णांना “बिलाचं लफडं” म्हणायचंय ते बहुधा हेच. प्रीपेडचा स्वभाव रोखीचा असतो. जेवढे भरले तेवढं वापरलं, कुणाचं देणं नाही, अनामत नाही, सोडायचं तर उद्या सोडलं. काट्यावर काम केलेल्या माणसाला रोखीचा व्यवहार आवडावा यात नवल काय? आपल्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक प्रीपेडवरच आहेत, तेव्हा अण्णा जगावेगळे नाहीत.

आणि स्मार्टफोन? तो अण्णांना हवा आहे का, हे पत्रात कुठंच नाही. नातवंडं व्हिडिओ कॉलवर दिसतील म्हणून त्यांना हवा असेल तर जरूर द्या. दादाला त्यांचं ठिकाण बघता यावं म्हणून देणार असाल तर तसं अण्णांना तोंडावर सांगा, आणि मग बघा काय म्हणतात.

आता “कुठल्या कंपनीचा”. याचं उत्तर मला मिरजेत बसून देता येणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात चांदोलीकडं सरकत जाल तसा डोंगर आडवा येतो. एकाच गावात मंदिरापाशी एका कंपनीची रेंज आणि खालच्या आळीत दुसरीची, असं तिथं असतं. कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकलेत. ते बघा, पण नकाशाला अण्णांच्या घराची जाड भिंत दिसत नाही. त्यापेक्षा गावातल्या दूध डेअरीवरच्या पोराला विचारा, टपाल आणणाऱ्याला विचारा, आरोग्य खात्याच्या आशाताईंना विचारा. दिवसभर गावभर फिरून फोनवर काम करणारी ही माणसं. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन-तीन फोन मागून घेऊन अण्णांच्या ओट्यावर, स्वयंपाकघरात आणि रानातल्या विहिरीपाशी उभं राहून एकेक फोन लावून बघा.

माझी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी महिन्याला तीस-चाळीस रुपये वाचतात म्हणून मी नंबर पोर्ट केला. मिरजेत सगळं झकास. मग आटपाडीला भावाकडं गेले, तर घरात रेंज शून्य. पाण्याच्या टाकीवर चढलं की दोन काड्या. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही, तेव्हा तीन महिने माहेरी गेले की मी आपली टाकीवर. वहिनी खालून विचारायच्या, “चहा वर पाठवू का?” म्हणून म्हणते, आहे त्या कंपनीची रेंज अण्णांच्या घरात नीट असेल तर चार रुपयांसाठी हलू नका. पॅक बदला, कंपनी नको.

हलायचंच ठरलं तर आधी फोन बघा. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच आहे. जुना २जीचा बटणांचा फोन त्यावर चालतच नाही, त्यासाठी ४जीवाला बटणांचा फोन घ्यावा लागतो. तो महाग नसतो, पण अण्णांची बोटं जुन्या बटणांना सरावलेली आहेत, तेही मोजा. बीएसएनएलचे लांब मुदतीचे पॅक बहुतेक वेळा इतरांपेक्षा स्वस्त पडतात. गावात त्यांचा टॉवर धड चालत असेल तर ओट्यावरच्या परीक्षेत त्यांनाही बसवा.

पोर्ट करायची रीत सोपी आहे. अण्णांच्याच फोनवरून PORT, मग एक जागा सोडून त्यांचा नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. एक कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. अण्णांना सोबत न्यावंच लागेल. महाराष्ट्र-गोवा मंडळातल्या मंडळात कामाचे तीन दिवस लागतात. जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि बॅलन्स मात्र बुडतात. वर्षाचा पॅक लगेच मारू नका म्हटलं ते यासाठी. आधी एखादा छोटा पॅक मारून पावसाळ्यातले दोन महिने बघा.

दुकानात जाल तेव्हा हे सिम कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. आपल्याकडं कितीतरी म्हाताऱ्यांची सिमं मुलाच्या, जावयाच्या, नाहीतर कधीकाळच्या दुकानदाराच्या नावावर निघतात. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तुमच्या, दादाच्या आणि अण्णांच्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते दिसतं. अण्णांचा नंबर अण्णांच्याच नावावर हवा. बँक, पेन्शन, गॅस, सगळं त्यालाच जोडलेलं असणार.

यावरून आठवलं, नंबर कायमचा जाण्याची भीती तुम्हाला वाटत असेल. पॅक संपणं आणि नंबर जाणं या वेगळ्या गोष्टी. ट्रायच्या नियमानं प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तरच कंपनीला तो बंद करता येतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, आणि बंद केल्यावरही १५ दिवसांत तो परत चालू करून घेता येतो. त्यानंतर मात्र तो नंबर पुढं-मागं दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि अण्णांच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडं जायला लागतात. पंधरा दिवसांत अण्णांच्या नंबरला काही धोका नव्हता, एवढ्या बाबतीत जीव शांत ठेवा.

धोका दुसरीकडून आहे. ज्याचा फोन खरोखरच रिचार्जविना बंद पडलेला असतो, त्याला “तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, एक दाबा, कोड सांगा” असा फोन आला की तो लगेच खरा वाटतो. ट्राय कुणालाही नंबर बंद करायचा फोन करत नाही. पोर्टचा कोड किंवा ओटीपी दुकानाबाहेर कुणी विचारला तर फोन ठेवायचा, हे अण्णांना शांतपणे, दोनदा सांगा. फसगत झालीच तर तातडीनं १९३० ला कळवायचं. बटणं दाबता दाबता चुकून कॉलरट्यून वगैरे सुरू होऊन बॅलन्स जायला लागला, तर १५५२२३ या फुकट नंबरवर ती बंद करता येते. ऐन एकादशीला आमच्या शेजारच्या तात्यांना फोन केला की लावणी वाजायची, आणि त्यांना पत्ताच नव्हता!

मग रिचार्ज कुणी मारायचा? माझं मत, अण्णांनी. गावातल्या दुकानात, स्वतःच्या पेन्शनमधून, रोख पैसे देऊन. नेट नसलेला पॅक निवडला तर तो त्यांच्या आवाक्यातला आहे, हजाराचा नव्हता. तुम्हाला पैसे द्यायचेच असतील तर दिवाळीला साडीचोळीच्या उलट, बापाला धोतरजोडी म्हणून द्या. रिचार्ज तुमच्या फोनवरून परस्पर होऊ नये, इतकंच. तारीख मात्र दोघांकडं असू द्या. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी टिपावी. तुम्ही आपल्या फोनवर दोन दिवस आधीची आठवण लावावी. पॅक संपत आल्याचा मेसेज कंपनीकडून येतो, पण तो इंग्रजीत आला तर अण्णांच्या दृष्टीनं न आल्यासारखाच. आणि कधी पूर आला, एसटी बंद, दुकान बंद, अशी वेळ आली तर नुसता नंबर माहीत असला की सांगलीतून काय, दुबईतूनही रिचार्ज मारता येतो. तेव्हा तुमचा उपयोग होईल. दर तीन महिन्यांनी होण्याची गरज नाही.

शेजारच्या काकूंचा नंबर दादालाही द्या. तुमच्याकडं तो होता म्हणून निभावलं, त्याच्याकडं नव्हता म्हणून तो भडकला असावा.

येत्या रविवारी गावी जाल तेव्हा रिचार्जचा विषय तुम्ही काढू नका. अण्णांना घेऊन डेअरीपर्यंत चालत जा, तिथं कुणाच्या फोनला रेंज आहे ते त्यांनाच विचारू द्या. आणि परत सांगलीला आलात की एक दिवस संध्याकाळचा फोन मुद्दाम करू नका. बघा, अण्णा करतात का.